रांगेचे गणित शटर उघडण्याआधी सोडवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादा गाजावाजा झालेला फोन किंवा गेमिंग कन्सोल बाजारात आला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास असते. पहिला खोका हातात उंच धरलेला तरुण आणि त्याच्या मागे नजर पोचणार नाही इतकी लांब रांग. त्या रांगेचे शेपूट मात्र छायाचित्रात कधी येत नाही. तिथे उभ्या असलेल्या माणसाला आपली पाळी येणार की नाही, हे रात्री नऊपर्यंत कोणी सांगितलेले नसते. खरे तर दुपारी चारलाच ते सांगता आले असते, कारण त्यासाठी लागणारे सगळे आकडे दुकानदाराच्या हातात असतात. लाँचिंगच्या संध्याकाळी होणाऱ्या रेटारेटीचा दोष लोकांच्या हौसेवर टाकला जातो, तो मला मान्य नाही. नव्या वस्तूची हौस असणे यात गैर काहीच नाही. जे मोजता येते ते कोणी मोजत नाही आणि मोजले तरी रांगेपर्यंत पोचवत नाही, हे खरे दुखणे आहे.

एका मध्यम आकाराच्या दुकानाचा हिशेब मांडू. विक्री संध्याकाळी सहा ते रात्री दहा, काउंटर दहा. मॉडेल सांगणे, खोका आतून आणणे, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक बिलावर चढवणे, पैसे भरणे आणि सही, हे सगळे सुरळीत झाले तर एका ग्राहकाला आठ मिनिटे लागतात. म्हणजे दहा काउंटरवर तासाला ७५ आणि चार तासांत ३०० ग्राहक. गोदामात ४०० फोन असले तरी त्या संध्याकाळी तीनशेच विकले जाणार. रांगेतल्या तीनशे एकाव्या माणसाला ती संध्याकाळ नव्हतीच. आता याच काउंटरवर जुना फोन बदलून घेण्याची योजना ठेवली की काय होते पाहा. जुन्या फोनचा पडदा तपासणे, बॅटरी पाहणे, किंमत ठरवणे, खाते काढून टाकणे या सगळ्यात वेळ सहज वीस मिनिटांवर जातो. मग तेच दहा काउंटर तासाला ३० ग्राहक उरकतात आणि चार तासांत फक्त १२० होतात. म्हणून अदलाबदलीची योजना पहिल्या संध्याकाळी ठेवूच नये. ठेवायचीच असेल तर तिचे टेबल, माणसे आणि रांग पूर्ण वेगळी हवी.

याच हिशेबातून रांगेतल्या माणसाला वाट पाहण्याचा वेळही सांगता येतो. रांगेच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये दिली. रांगेतली माणसे भागिले तासाला उरकणारी माणसे, की झाला थांबण्याचा वेळ. एकेरी रांगेत एक माणूस साधारण ६० सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे ७५ माणसांची रांग ४५ मीटर लांब होते. दर ४५ मीटरवर एक फलक लावा: ‘इथून एक तास’, ‘इथून दोन तास’. चौथ्या फलकाच्या मागे पाचवा लावा: ‘आज इथून पुढे फोन मिळणार नाही’. पाच फलक आणि एक मोजपट्टी एवढाच याचा खर्च. काउंटर बंद पडला किंवा वेग मंदावला तर फलक पुढे सरकवायचे. त्यासाठी दर अर्ध्या तासाला किती बिले झाली हे पाहणारा एक माणूस नेमलेला असावा, आणि त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

याहून चांगला उपाय टोकनचा. टोकन मात्र नीट दिले पाहिजे. ‘टोकन दिले तरी गोंधळ झाला’ असे ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा कागदी चिठ्ठी दिलेली असते. तिची झेरॉक्स निघते, ती हातोहात विकली जाते आणि एकाच क्रमांकाचे दोघे दारात भांडतात. त्याऐवजी मनगटावर चिकटवायची, काढताना फाटणारी क्रमांकित पट्टी वापरावी. पट्ट्यांची संख्या स्टॉकपेक्षा एकानेही जास्त नको. उलट सदोष निघालेले फोन बदलून द्यायला थोडा स्टॉक बाजूला ठेवून तेवढ्या पट्ट्या कमी कराव्यात. पट्टी देतानाच मॉडेल, रंग आणि साठवण क्षमता विचारून लिहून घ्यावी. स्टॉक म्हणजे एक ढीग नसतो, दहा-बारा लहान ढीग असतात. हवा तो रंग संपला आहे हे ग्राहकाला काउंटरवर कळले की तो घरी फोन लावतो, विचारतो, मग ठरवतो. त्यात चार-पाच मिनिटे जातात आणि तासाला ७५ चे ५० होतात. हीच चर्चा दुपारी, रांगेत उभे असताना झाली तर कोणाचेच काही अडत नाही.

पट्टीवर वेळ छापलेली असावी: सहा ते साडेसहा, साडेसहा ते सात. अर्ध्या तासाला पस्तीस पट्ट्या, म्हणजे दोनतीन ग्राहकांचा उशीर पोटात घेता येतो. प्रत्येक तासाचा रंग वेगळा असला की दारावरच्या माणसाला आकडे वाचावे लागत नाहीत, लांबून रंग दिसतो. टोकनचा खरा फायदा क्रम लागण्यापेक्षा रांग मोडण्याचा आहे. आठची पट्टी ज्याच्या हातात आहे त्याने सहाला दारात उभे राहण्याचे कारणच उरत नाही. तरीही लोक थांबतात, कारण पट्टीवर विश्वास नसतो. तो विश्वास वेळ पाळूनच येतो. वीस मिनिटे उशीर होणार असेल तर ते तसेच जाहीर करावे. गप्प राहिले की लोक दाराशी येऊन उभे राहतात.

जो आधी येईल त्याला आधी, हा नियम न्याय्य वाटतो, पण लाँचिंगला तोच लोकांना आदल्या रात्री फुटपाथवर झोपायला लावतो. त्यातून पैसे घेऊन दुसऱ्याची जागा धरणारे तयार होतात. मागणी स्टॉकच्या कितीतरी पट असेल तर नोंदणी करून सोडत काढणे अधिक प्रामाणिक. सोडतीत निराशा होते, पण ती घरी बसून होते. २८ नोव्हेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कजवळच्या व्हॅली स्ट्रीम येथे सवलतीच्या विक्रीसाठी पहाटे जमलेल्या सुमारे दोन हजार लोकांच्या रेट्याने एका दुकानाची दारे मोडली आणि दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने दुकानदारांसाठी गर्दीची मार्गदर्शक सूचना काढली. क्रमांकित पट्ट्या आणि मागणी असलेल्या वस्तूंसाठी ऑनलाइन सोडत, हे दोन्ही उपाय तीत आहेत. बॅरिकेडची सुरुवात थेट दारासमोर करू नये, हेही तीत आहे.

हा शेवटचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. दारासमोर सरळ रेषेत रांग असली की शटर वर जाताच मागच्यांना पुढे हालचाल दिसते आणि ते एक पाऊल टाकतात. शंभर माणसांनी टाकलेले एकेक पाऊल पुढच्या दहा जणांच्या छातीवर येऊन थांबते. मागच्याला वाटते आपण जरासे सरकलो. पुढच्याला मागे सांगायची सोय नसते, कारण आवाज पोचत नाही आणि मान वळत नाही. जॉन फ्रुइन यांनी गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करून चार गोष्टी सांगितल्या आहेत: जोर, माहिती, जागा आणि वेळ. लाँचिंगच्या दाराशी या चारही एकाच क्षणी बिघडतात. गर्दीच्या रेट्याने वाकलेल्या लोखंडी कठड्यांवरून त्यांनी जो जोर काढला तो ४,५०० न्यूटनहून जास्त आहे, म्हणजे साडेचारशे किलोहून अधिक वजनाइतका. दुकानाचे काचेचे दार त्यापुढे काय टिकणार? शिवाय अशा प्रसंगी मृत्यू बहुतेक वेळा तुडवल्याने येत नाही. माणूस उभ्याउभ्या दाबला जातो, छाती फुगायला जागा उरत नाही आणि श्वास कोंडतो. आपण त्याला ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो खरे, पण त्या शब्दाने डोळ्यांसमोर पळणारी माणसे येतात. प्रत्यक्षात तिथे कोणालाही हलता येत नसते.

दाटी किती झाली हे डोळ्यांनी मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. दुपारीच जमिनीवर रंगाने किंवा चिकटपट्टीने दोन मीटर बाय दोन मीटरचे तीनचार चौकोन आखावेत: एक दाराजवळ, एक पहिल्या वळणावर, एक स्क्रीनसमोर. चौकोनाचे क्षेत्रफळ चार चौरस मीटर. त्यात आठ डोकी असतील तर माणसे मोकळी चालू शकतात. सोळा झाली की आणखी माणसे आत सोडणे थांबवावे. वीस झाली तर माणसाची हालचाल त्याच्या हातात राहत नाही, तेव्हा मागची वाट बंद करून पुढची मोकळी करायची. चौरस मीटरला सातच्या आसपास पोचलेली गर्दी पाण्यासारखी वागते. तिच्यात लाटा येतात, पाय जमिनीवरून उचलले जातात, आणि तेव्हा भोंग्यावरून ओरडून काही उपयोग नसतो. चौकोन मोजणारा माणूस उंचावर, पायरीवर किंवा स्टुलावर उभा हवा आणि दार बंद करण्याचा अधिकार त्याच्याच हातात हवा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणण्याइतका वेळ तेव्हा नसतो.

२९ ऑक्टोबर २०२२ रोजी सोलमधल्या इटेवॉन भागात १५९ जणांचा जीव गेला. तिथे कोणतेही लाँचिंग नव्हते, सणाची गर्दी एका अरुंद उताराच्या गल्लीत अडकली होती. पण दाटीचे नियम तेच असतात. तिथून मदतीसाठी पोलिसांना गेलेला पहिला फोन दुर्घटनेच्या साडेतीन तासांहून अधिक आधीचा होता. रांगेतला माणूस ‘पुढे दाबले जातोय’ म्हणत असेल तर ती तक्रार म्हणून लिहून घ्यायची गोष्ट नाही, ती मोजणीच आहे.

बॅरिकेडबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दारासमोरचे आठ-दहा मीटर मोकळे ठेवून रांग बाजूने, भिंतीला धरून आणावी आणि शेवटचे वळण दाराच्या आधी यावे. वळणावर माणूस आपोआप मंदावतो. नागमोडी मार्गिकेची रुंदी ९० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर चाकाची खुर्ची जात नाही. पण दीड मीटरपेक्षा जास्तही नको, नाहीतर एकेरीची दुहेरी रांग होते आणि ‘मी आधी होतो’ सुरू होते. दर दोनतीन वळणांनंतर बाहेर पडायची फट हवी. चक्कर आलेला, लहान मूल बरोबर असलेला किंवा फक्त कंटाळलेला माणूस तिथून निघू शकला पाहिजे. बॅरिकेड एकमेकांना तारेने बांधण्याची पद्धत घातक आहे, कारण वेळ आली की पक्कड शोधावी लागते. हाताने निघणारी खीळ वापरावी. आडव्या पायांचे हलके बॅरिकेड रांग दाखवायला ठीक असतात, रेटा अडवायला नाही. ते आडवे पडले की त्यांच्या गजांत पाय अडकतात. पाय बाहेर आलेले असतील तर त्यांवर उठून दिसणारी पट्टी चिकटवावी, संध्याकाळी उजेड कमी झाला की ठेच तिथेच लागते.

फुटपाथवर रांग लावली तर चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर वाट उरली पाहिजे. तेवढ्यात दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जातात. ती उरत नसेल तर रांग तिथे लावूच नये. शेजारच्या दुकानांची दारे, गल्लीचे तोंड, अग्निशमनाचा नळ या प्रत्येक ठिकाणी रांग तोडून दोन्ही टोकांना एकेक स्वयंसेवक उभा करावा. तो नसला की दहा मिनिटांत मागची माणसे तुटलेल्या जागेत भरतात.

दार उघडण्याची क्रिया सर्वांत नाजूक. सगळे काउंटर सुरू, मशीन चालू, पहिले वीस खोके बाहेर काढलेले, एवढे झाल्याशिवाय शटरला हात लावू नये. शटर अर्धे वर करून थांबवले की पुढची माणसे वाकून आत घुसतात आणि मागचा रेटा नेमका वाकलेल्या माणसावर येतो. एकदाच, पूर्ण उघडावे. पहिले दहा आत, मग दहा बाहेर पडल्यावर पुढचे दहा. बाहेर पडायचे दार वेगळे हवे आणि ते रांगेकडे तोंड करून नको. नवा खोका हातात घेऊन माणूस रांगेला समांतर चालत गेला की रांग हलते आणि चोरालाही कोण काय घेऊन निघाले ते दिसते.

उलटी गणती करणारा मोठा स्क्रीन दारावर लावतात, तो माझ्या मते काढूनच टाकावा. ‘दहा, नऊ, आठ’ सुरू झाले की न घेणारेसुद्धा पुढे सरकतात. स्क्रीन आणि रोषणाई ठेवायचीच असेल तर दारापासून लांब, गर्दीला उलट दिशेला तोंड करायला लावणारी ठेवा. मंचावरून टी-शर्ट आणि टोप्या भिरकावणे तर पूर्ण बंद हवे. हवेत वस्तू उडाली की हात वर जातात, छाती उघडी पडते आणि गर्दी एका बिंदूकडे ओढली जाते. शिवाय संध्याकाळी सहा म्हणजे कार्यालये सुटण्याची वेळ. स्टेशनकडे निघालेला लोंढा, बघे आणि खरेदीदार हे तीन प्रवाह एकाच फुटपाथवर येतात. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी संध्याकाळी सहाला विक्रीला आला, त्याआधी २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ च्या विक्रीसाठी मध्यरात्री दुकाने उघडली होती. मध्यरात्री रस्ता तरी मोकळा असतो, घरी परतण्याची सोय मात्र नसते. सकाळी आठपासून टप्प्याटप्प्याने विक्री ठेवली तर दोन्ही अडचणी टळतात. पण सकाळी उत्सव वाटत नाही, म्हणून ते कोणाला नको असते.

आता नेटवर्क. ‘रेंज फुल आहे, नेट मात्र चालत नाही’ असे त्या संध्याकाळी प्रत्येक जण म्हणतो. फोनवरच्या दांड्या टॉवरचा संकेत किती जोरात येतो ते दाखवतात, टॉवरकडे तुमच्यासाठी जागा किती आहे ते नाही. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीवर, दोन अँटेनांच्या साध्या जोडणीत, आदर्श परिस्थितीत सेकंदाला १५० मेगाबिट खाली येतात आणि ५० च्या आसपास वर जातात. हे सगळे त्या दिशेच्या सर्व फोनांत मिळून. तिथे एक हजार फोन असले तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर ०.१५ मेगाबिट येतात. वर जाण्याची बाजू आणखी बिकट. चांगल्या दर्जाचे थेट प्रक्षेपण करायला दोनतीन मेगाबिट लागतात, म्हणजे पंधरा-वीस जणांनी रांगेतून लाइव्ह सुरू केले की ती वाट भरलीच. मग बाकीच्यांचे पैशांचे व्यवहार अडकतात, कारण तुमची विनंती वर गेल्याशिवाय उत्तर खाली येणार नाही. त्यातच प्रत्येक फोन टॉवरचे दार ठोठावताना ६४ ठरावीक संकेतांपैकी एक निवडतो. दोघांनी एकाच क्षणी तोच निवडला की टक्कर होते, दोघेही थांबतात आणि पुन्हा, अधिक जोर लावून ठोठावतात. बॅटरी भराभर उतरते ती यामुळेही. विमान मोड दर मिनिटाला चालू-बंद करण्याचा सल्ला गर्दीत उलटा ठरतो; प्रत्येक वेळी नव्याने दार ठोठवावे लागते. एसएमएसला जागा कमी लागते आणि तो न पोचल्यास पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे मित्रांशी चुकामूक झाली तर साधा एसएमएस टाका. भेटायची जागा आधीच ठरवली तर तोही लागत नाही.

दुकानदाराने करायचे ते इतकेच: पैसे घेण्याची मशीन सिमवर नको, तारेच्या इंटरनेटवर हवीत. सिमवरची मशीन दुपारी तपासताना उत्तम चालतात आणि साडेसहाला मान टाकतात, कारण दुपारी रस्त्यावर फोनच नसतात. शक्य असेल तर पैसे टोकन देतानाच घ्यावेत. ग्राहकाने व्यवहार ‘प्रलंबित’ दिसला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. व्यवहार क्रमांक टिपून बाजूला उभे राहावे आणि काउंटरवाल्याने पुढच्या माणसाला घ्यावे. दूरसंचार कंपनीला दोनतीन आठवडे आधी कळवले तर चाकांवरचा तात्पुरता टॉवर आणता येतो. तो दारातच उभा करून फुटपाथ अडवू नये एवढे पाहावे.

नवा फोन दुकानातच सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. ११ जुलै २००८ हे त्याचे उदाहरण. त्या दिवशी वीसहून अधिक देशांत आयफोन ३जी विक्रीला आला, तो दुकानातच सुरू करून द्यायचा होता आणि त्याच दिवशी जुन्या फोनांसाठी नवी प्रणालीही आली. नवे आणि जुने सगळे एकाच सर्व्हरवर जाऊन आदळले, फोन सुरू होईनात आणि अनेकांना ‘घरी जाऊन करा’ म्हणून पाठवावे लागले. आदल्या वर्षी फोन घरी नेऊन सुरू करायचा होता, तेव्हा दुकानातली रांग भराभर पुढे सरकली होती. काउंटरवर फक्त तीन गोष्टी पाहाव्यात: खोक्याचे सील, खोक्यावरचा आणि बिलावरचा १५ आकडी आयएमईआय, आणि मॉडेल व साठवण क्षमता. फोन उघडला असेल तर *#०६# दाबून तोच क्रमांक पडद्यावर येतो का पाहावे.

बाकीचे घरी, शांतपणे. बॅकअप आदल्या रात्रीच घेतलेला असावा, जुन्या फोनची प्रणालीही तेव्हाच अद्ययावत केलेली. १२८ जीबीचा मजकूर यूएसबी २ च्या वायरने सेकंदाला ३५ मेगाबाइट या प्रत्यक्षातल्या वेगाने हलवला तरी तासभर जातो, म्हणून दोन्ही फोन चार्जरला लावावेत. ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले सिम, त्याच रात्री बदलू नये. त्याला इंटरनेट लागते, क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, आणि नवे सुरू होण्याआधी जुने पुसून टाकले की ओटीपी यायला फोनच उरत नाही. काही दूरसंचार कंपन्या सिम बदलल्यावर काही तास एसएमएस रोखून धरतात, म्हणजे बँकेचे ॲपही अडते. सकाळी कामाच्या वेळात, मदत केंद्र मोकळे असताना करावे. ओटीपी तयार करणारी ॲप आपोआप पलीकडे जातीलच असे नाही, ती एकेक करून हलवावीत. जुना फोन दोन आठवडे तरी पुसू नये. नंतर पुसताना आधी खात्यातून बाहेर पडावे, मग फोन कोरा करावा. उलटे केले तर तो पुढच्या माणसाच्या हातात कुलूपबंद राहतो.

संध्याकाळचा शेवटही नियोजनात हवा. स्टॉक संपला की शटर धाडकन खाली येते आणि मागे उभे असलेल्यांना ते आवाजावरून कळते. त्याऐवजी शेवटची पट्टी वाटली गेली त्याच क्षणी, त्या माणसाच्या मागे फलक धरून एक कर्मचारी उभा राहावा आणि तो शेवटपर्यंत रांगेबरोबर पुढे सरकत यावा. मागून येणाऱ्याला तो फलक आधी दिसतो, दार नंतर. पट्टी असूनही फोन मिळाला नाही असा कोणी राहिला तर त्याचे नाव, मॉडेल आणि पुढची तारीख लिहून सही-शिक्क्याची पावती तिथेच द्यावी. बॅरिकेड मागच्या टोकाकडून काढत आणावेत. दाराजवळचे आधी काढले की उरलेली रांग मोकळ्या जागेत पसरते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. लाँचिंगच्या दिवशी सकाळच्या अंकात फोनच्या वैशिष्ट्यांची चौकट असतेच. तिच्या शेजारी आणखी चार ओळी छापाव्यात: या दुकानात आज किती नग आहेत, काउंटर किती, टोकन कुठे आणि किती वाजता, आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता. हे आकडे दुकानदारांकडे आदल्या रात्री असतात. आपल्या बातमीदाराने ते मागावेत, आणि एखाद्या दुकानदाराने दिले नाहीत तर तेही त्याच चौकटीत छापावे.

आपला,
एक वाचक